सफरचंदाच्या सालीवरची काजळी: आधी ओले तास मोजा, मग पंप उचला

प्रश्न थोडक्यात असा आहे. न्यूयॉर्क राज्यात, हडसन नदीच्या खोऱ्यात, अल्स्टर काउंटीत दोन वर्षांपूर्वी घर घेतलं. घराबरोबर सफरचंदाची १४ जुनी झाडं आली. ऑगस्टच्या शेवटी गोल्डन डिलिशियसच्या फळांवर धुरकट काळे डाग आणि टाचणीच्या टोकाएवढे चकचकीत ठिपके दिसू लागले. लाल जातींवर ते कमी दिसतात. दसऱ्याच्या कार्यक्रमाला पाटीभर फळं नेली, तर कुणी हात लावेना. एका काकूंनी "सडकी आणलीत का?" असं तोंडावर विचारलं. कापल्यावर मात्र आत पांढरंशुभ्र. यंदा काय फवारू, किती वेळा फवारू, आणि न फवारता काही जमेल का?

तुम्ही फळ कापून पाहिलंत, तिथेच निम्मं उत्तर मिळालं. फळ सडकं नाही. ही बुरशी फळाच्या अंगावरच्या मेणाच्या थरात राहते, गरात शिरत नाही. झाड तिने खंगत नाही, फळं गळत नाहीत, पुढच्या वर्षीचा बहर कमी होत नाही, खाणाऱ्याच्या पोटालाही काही होत नाही. नुकसान दोन ठिकाणी होतं. एक म्हणजे भावात, कारण डागी फळ फ्रेश मार्केटच्या ग्रेडमधून उतरून ज्यूसच्या ढिगात जातं. दुसरं साठवणीत: बुरशीने मेणाचा थर बिघडवला की फळातलं पाणी लवकर उडतं आणि फळ सुरकुततं. त्यामुळे सगळ्यात आधी स्वतःला विचारा, की ही फळं कुणासाठी पिकवताय? घरच्यांसाठी असतील तर खर्च आणि कष्ट एका पातळीवरचे, रस्त्याकडेला टेबल मांडून विकायची असतील तर वेगळ्या पातळीवरचे. माझ्याकडे येणारे निम्मे लोक घरच्या मुरंब्यासाठी व्यापारी बागेएवढ्या फवारण्या करायला निघालेले असतात.

मी मूळची पिंपळगाव बसवंतची. वडिलांची द्राक्षबाग. आमच्या घरात डावणी, भुरी आणि करपा या द्राक्षरोगांची नावं पाहुण्यांच्या नावांपेक्षा जास्त वेळा निघायची. गेली बावीस वर्षं या खोऱ्यात सफरचंदाच्या बागा फिरून रोग-किडींचा सल्ला देते. द्राक्षातून आलेल्या माणसाला इथे पहिला धक्का बसतो तो हा, की या रोगात घाबरण्यासारखं काहीच नसतं आणि तरी तो अख्खा हंगाम हातचा घालवू शकतो. डावणी घड खाते, म्हणून तिची भीती वाटते. ही नुसती तोंडाला काळं फासते.

तुमच्या फळांवर एकाच वेळी दोन गोष्टी आहेत. धुरकट, कडा नीट नसलेले, शेवाळी ते काळे डाग म्हणजे सूटी ब्लॉच, आपण काजळी डाग म्हणू. दहा-वीस किंवा त्याहून जास्त काळ्या, उठावदार, चकचकीत ठिपक्यांचा घोळका असतो तो फ्लायस्पेक. माशी बसून घाण करून गेल्यासारखा दिसतो म्हणून हे नाव. दोन्ही बहुतेक वेळा जोडीने येतात आणि उपायही एकच, म्हणून इथले लोक त्यांना एका दमात म्हणतात. पेनसिल्वेनियातल्या लुईस डेव्हिड फॉन श्वाइनिट्झ नावाच्या धर्मोपदेशकाने, जो बुरशीशास्त्रातलाही मोठा माणूस होता, १८३२ मध्ये काजळी डागाची पहिली शास्त्रीय नोंद केली. त्यानंतर दीडशेहून अधिक वर्षं सगळे धरून चालले होते की काजळी एकाच बुरशीची. १९९० च्या दशकात नॉर्थ कॅरोलायनातल्या संशोधकांनी दाखवलं की निदान तीन तरी आहेत. पुढे आयोवात डीएनए तपासले तेव्हा यादी वाढतच गेली आणि आता काजळी-ठिपके मिळून साठहून जास्त जाती मोजतात. जळगावकडच्या वाचकांसाठी एक गंमत: ठिपकेवाल्या एका बुरशीच्या नावातच जमैका आहे, कारण तिची पहिली नोंद तिथल्या केळीवर झाली. तुम्हाला याचा उपयोग एवढाच, की शेजारच्या बागेत जे औषध चाललं ते तुमच्याकडे तितकंच चालेल असं नाही. तुमच्या झाडांवर कुठल्या बुरशांची मिसळ आहे हे नुसत्या डोळ्यांनी सांगता येत नाही.

कोकणातला माणूस म्हणेल, ही तर आमच्या हापूसवरची काजळी. ती वेगळी. आंब्यावर तुडतुडे चिकटा सोडतात आणि त्या गोडाव्यावर काळी बुरशी वाढते. तुडतुडे आवरले की काजळी आपोआप आटोक्यात येते. सफरचंदावरही मावा वाढला तर तसली काजळी येते. ओळखायची रीत सोपी आहे. ओलं फडकं घ्या आणि एकदाच पुसा. चिकट लागून सगळं काळं फडक्यावर आलं तर ती चिकट्यावरची बुरशी, मावा शोधा. डाग जागचा हलला नाही, जोर लावून घासल्यावर थोडा फिका झाला, तर हा आपला रोग. नखाने खरवडून बघा: काजळीचा थर निघतो, खाली साल शाबूत. डागाखाली साल खरबरीत, तडकलेली निघाली तर तो स्कॅब नावाचा वेगळा बुरशीरोग, आणि त्याचं गणित पूर्ण वेगळं. बटाट्याच्या सालीसारखा खाकी खरखरीतपणा असेल तर ती बहुतेक वेळा रसेटिंग, म्हणजे फळ लहान असताना थंडीने किंवा औषधाने भाजलेली साल; तिथे बुरशीनाशक मारून काही उपयोग नाही. तुमच्या वर्णनात खरबरीतपणा कुठेच नाही, म्हणून मी निर्धास्त आहे.

लाल जातींवर डाग कमी आहेत असं तुम्हाला वाटतं. कमी नाहीत, दिसत कमी आहेत. रेड डिलिशियसच्या गडद सालीवर काजळी लपते. गोल्डनच्या पिवळ्या अंगावर लग्नातल्या पांढऱ्या सदऱ्यावरच्या आमटीसारखी उठून दिसते. शिवाय गोल्डन उशिरा पिकतं. ऑगस्टमध्येच तोडायला येणाऱ्या जातींना बुरशी वाढायला वेळच मिळत नाही, उशिराच्या जाती मात्र सप्टेंबरचं दव अंगावर घेत झाडावर लटकत राहतात.

आता बुरशी येते कुठून? बहुतेक वेळा बागेच्या बाहेरून. रानटी ब्लॅकबेरीच्या काटेरी फांद्या, रानद्राक्षाच्या वेली, कुंपणाकडेची मेपलची पोरं, यांच्या कोवळ्या फांद्यांच्या मेणावर ती हिवाळा काढते. वसंतात, सफरचंदाच्या फुलोऱ्याच्या आसपास, तिचे बीजाणू सुटायला लागतात. आधी कुंपणातल्याच झाडांवर नवी पिढी वाढते आणि मग वाऱ्याने, पावसाच्या शिंतोड्याने तुमच्या फळांवर येते. दगडी गडगा आणि त्याच्यावर चढलेलं रान, हे या खोऱ्यातलं सुंदर दृश्य आहे. पाहुणे त्याच्यापुढे उभे राहून फोटो काढतात. मी बागेत गेले की पहिली त्या गडग्याकडे जाते. ब्लॅकबेरीची गेल्या वर्षीची फांदी वाकवून उन्हात तिरकी धरली, की तिच्या मेणचट सालीवर तेच काळे ठिपके चमकतात. तुम्ही आज हे करून बघा. तुमच्या झाडांपासून दहा पावलांवर तशी फांदी सापडली, तर जुलैत काय होणार ते फेब्रुवारीतच कळलं म्हणायचं.

बुरशी फळावर बसल्यावर तिला पाहिजे ओल. ऊनही तिला चालतं, पण कोरडी हवा चालत नाही. पूर्व वॉशिंग्टनच्या कोरड्या खोऱ्यांत, जिथे पाणी कालव्याने येतं आणि उन्हाळ्यात पाऊस जवळजवळ पडत नाही, तिथे हा रोग कुणाच्या खिजगणतीत नाही. वाशीच्या मार्केटात स्टिकर लावून येणारं ते आरशासारखं चकचकीत सफरचंद त्या हवेतलं आहे. तुमच्या हडसन खोऱ्यात सकाळी नऊपर्यंत धुकं उठत नाही, तेव्हा त्याच्याशी बरोबरी करू नका. हिमाचलात फळ ऐन पावसाळ्यात पिकतं आणि तिथल्या बागांना हा रोग चांगला ओळखीचा आहे.

या ओलीचं गणित मात्र कुणीतरी आपल्यासाठी मांडून ठेवलं आहे, आणि माझ्या मते या रोगातली सगळ्यात उपयोगी गोष्ट तीच. नॉर्थ कॅरोलायनात ब्राऊन आणि सटन यांनी १९९५ मध्ये हा हिशोब प्रसिद्ध केला. फुलांच्या पाकळ्या गळून गेल्यावर १० दिवसांनी मोजणी सुरू करायची. पान सलग चार तास किंवा जास्त ओलं राहिलं तरच ते तास धरायचे. तासाभराची सर आली आणि ऊन पडलं तर ती सोडून द्यायची. अशा तासांची बेरीज सरासरी २७३ झाली, की फवारणी नसलेल्या बागेत पहिले डाग दिसतात. वर्षागणिक हा आकडा २०९ ते ३१० मध्ये हलला. इथे न्यूयॉर्कमध्येही आम्ही २७० च्या आसपासचाच आकडा डोक्यात ठेवतो. आयोवाकडे मात्र पानाच्या ओलीपेक्षा हवेतली आर्द्रता, म्हणजे ९७ टक्के किंवा वर किती तास राहिली, हे मोजणं जास्त बरोबर ठरलं. हवा बदलली की फूटपट्टीही बदलते.

तुमच्या अंगणात हे कसं दिसतं ते सांगते. समजा पाकळ्या १५ मेला गळाल्या. मोजणी २५ मेपासून. जूनमध्ये रात्री दहाला पानांवर दव बसलं आणि सकाळी नऊला वाळलं, तर एका रात्रीत ११ तास. अशा पंचवीस रात्री झाल्या की २७५. पाऊस आला तर त्याहून लवकर. आठवड्याला सरासरी ४० ओले तास धरले, तर साधारण ११-१२ जुलैला तुम्ही त्या रेषेवर पोचता. तोपर्यंत डोळ्यांना काही दिसत नसतं, फळ लिंबाएवढं, हिरवंगार, देखणं. तुम्ही म्हणता यंदा छान आहे. आणि फवारणीची वेळ टळून गेलेली असते. ऑगस्टअखेरीला तुम्हाला जे दिसलं, ते जूनमध्ये पेरलं गेलं होतं.

पानाची ओल मोजायचं यंत्र मिळतं, पण १४ झाडांसाठी ते घेऊ नका. कॉर्नेल विद्यापीठाची नेवा नावाची हवामान सेवा आहे, तिच्यात तुमच्या जवळचं केंद्र निवडलं की या रोगाचे ओले तास आयते मिळतात. त्याच्या जोडीला एक वही ठेवा. सकाळी चहाचा कप घेऊन बाहेर जा आणि झाडाच्या आतल्या बाजूची, उत्तरेकडची पानं चिमटीत धरा. बाहेरची पानं वाळलेली आणि आतली ओली असतील, तर तुमचा आकडा केंद्रापेक्षा जास्त. माझ्या अनुभवात जुन्या, न छाटलेल्या झाडात हा फरक दोन-तीन तासांचा सहज पडतो. रोजचे तीन तास म्हणजे महिन्याला नव्वद.

आणि म्हणूनच छाटणी ही तुमची पहिली फवारणी. जुनी झाडं म्हणताय, म्हणजे मध्ये फांद्यांचं घरटं झालेलं असणार. आता, कळ्या फुगण्याआधी, मधल्या उभ्या जाड फांद्या दोन-तीनच काढा, पण मुळापासून काढा. दहा ठिकाणी टोकं कातरत बसू नका. त्याने झाड अजून दाट फुटतं. एका वर्षात सगळं उघडायचा हट्टही नको. एक तृतीयांशाच्या आतच हात आवरा, नाहीतर झाड चिडून नुसते पाणफुटवे, म्हणजे फळ न धरणारे उभे कोंब, काढत बसेल. ते पाणफुटवे जुलैमध्ये पुन्हा काढायचे. मॅसॅच्युसेट्समध्ये १९९० च्या दशकात नुसत्या उन्हाळी छाटणीचा प्रयोग झाला होता आणि ठिपक्यांचं प्रमाण जवळजवळ निम्म्यावर आलं. हवा खेळल्याने झाड लवकर वाळतं हा एक फायदा, आणि औषध आतल्या फळापर्यंत पोचतं हा दुसरा. आमच्या द्राक्षात पानं काढून घड मोकळा करतात ना, तेच. झाडाखाली उभं राहून वर बघा. उन्हाचे कवडसे जमिनीवर पडत नसतील तर अजून एक फांदी जायला हवी.

विरळणीचंही तसंच. एका झुपक्यात तीन-चार फळं चिकटून वाढली, की त्यांच्या मधल्या फटीत दव दुपारपर्यंत वाळत नाही आणि औषधही शिरत नाही. डागी फळ हातात घेऊन पाहा, सगळ्यात काळा भाग बहुतेक वेळा देठाच्या खळग्यात नाहीतर शेजारच्या फळाला टेकलेल्या गालावर असतो. फळ बोराएवढं झालं की झुपक्यात एकच ठेवा, दोन फळांत वीतभर अंतर. जून उजाडायच्या आत करा किंवा पहिल्या आठवड्यात. जमिनीवर पडलेली ती हिरवी फळं बघून जीव कळवळतो, मला अजूनही कळवळतो. पण उरलेली मोठी होतात आणि झाड एक वर्षाआड फळं द्यायची सवय सोडतं.

आता औषधं. १४ झाडांना पाठीवरचा पंप पुरतो, पण जुनं वीस फुटी झाड पाठीवरच्या पंपाने शेंड्यापर्यंत भिजत नाही. शेंडा भिजत नसेल तर आधी उंची कमी करा, औषध वाढवू नका. घरगुती वापरासाठी मिळणाऱ्यांत कॅप्टान हे कामाचं. ते स्पर्शजन्य आहे, पहारेकरी आहे. आत बसलेल्या बुरशीला ते उठवत नाही. त्यामुळे २७० ची वाट पाहायची नाही. ओल्या तासांची बेरीज दीडशेच्या आसपास आली की पहिली फवारणी, वरच्या हिशोबाने साधारण २० जून. मोठे बागायतदार थायोफेनेट मिथाइल किंवा क्रेसॉक्झिम मिथाइल, ट्रायफ्लॉक्झिस्ट्रोबिन अशी औषधं वापरतात, जी थोडी मागची लागणही धरतात. त्यांना २०० पर्यंत थांबणं परवडतं. या गटांची औषधं पुन्हापुन्हा एकटी मारली की बुरश्या त्यांना सरावतात, म्हणून ती कॅप्टानच्या जोडीने किंवा आलटून-पालटून मारतात. नाशिककडचा बागायतदार विचारेल की मॅन्कोझेब का नको. सुरुवातीच्या हंगामात चांगलं आहे, पण अमेरिकेत सफरचंदावर त्याची तोडणीपूर्व मुदत, म्हणजे शेवटची फवारणी आणि तोडणी यांत ठेवायचं किमान अंतर, ७७ दिवसांची आहे. सप्टेंबरअखेर तोडणाऱ्याने मारलं तर जुलैच्या पहिल्या पंधरवड्यानंतर त्याला हात लावायचा नाही. म्हणजे नेमकी गरज लागते तेव्हा ते हाती नसतं.

कॅप्टानची एक खोड लक्षात ठेवा. डॉर्मंट ऑइल (झाड झोपेत असताना किडीसाठी मारतात ते तेल) किंवा कुठलंही तेल मारल्यावर दोन आठवडे तरी कॅप्टान जवळ आणायचं नाही, पानं भाजतात. गंधकाशीही त्याचं जमत नाही. आणि डोळ्यांना ते वाईट लागतं, त्यामुळे चष्म्यावर भागवू नका, नीट बंद गॉगल घाला. प्रमाण मी इथे लिहीत नाही, कारण तुमच्या डब्यावर काय छापलंय तेच खरं. या देशात लेबल हाच कायदा असतो, आणि राज्याराज्यांत नोंदणी वेगळी असते.

दुसरी फवारणी कधी? कॅलेंडर सांगेल तीन आठवड्यांनी. पाऊस सांगेल तेव्हा. पहिल्या फवारणीनंतर एकूण दोन इंच, म्हणजे ५० मिलिमीटर पाऊस झाला की थर धुतला गेला असं समजायचं. तीन आठवडे किंवा दोन इंच, जे आधी होईल ते. यासाठी तुम्हाला एकच यंत्र घ्यायचंय, खांबावर खिळवायचं पाच-दहा डॉलरचं पर्जन्यमापक.

हे मी पुस्तकातून शिकले नाही. कामाला लागल्यावर दुसऱ्याच वर्षी एका म्हाताऱ्या बागायतदाराला मी ठणकावून सांगितलं होतं की २१ दिवस निश्चिंत राहा. नवव्या दिवशी वादळ आलं, रात्रीत तीन इंच पाऊस. त्याने फोन करून विचारलं, परत मारू का? मी वही उघडून म्हटलं, अजून बारा दिवस आहेत. सप्टेंबरात त्याची गोल्डनची रांग बघायला गेले तेव्हा तो काही बोलला नाही. एक फळ तोडून बाहीवर पुसलं, पुन्हा पुसलं, आणि माझ्या हातात दिलं. त्या रांगेतला बराचसा माल ज्यूसला गेला. तेव्हापासून मी दिवस सांगत नाही, इंच सांगते.

तुमच्यासाठी यंदाचा अंदाज असा: लाल जातींना दोन फवारण्या, गोल्डनला तीन, पावसाळी वर्ष निघालं तर चार. शेवटची साधारण ऑगस्टच्या मध्याला, तोडणीपूर्व मुदत बघून. तुम्ही स्कॅबसाठी मे महिन्यात काही फवारत असाल तर त्याचं थोडं संरक्षण इथेही मिळतं आणि पहिली फवारणी पुढे ढकलता येते. उलटं उदाहरण लिबर्टी जातीचं. न्यूयॉर्क राज्यातल्याच जिनिव्हा गावच्या संशोधन केंद्राने ती १९७८ मध्ये आणली, स्कॅब तिला लागत नाही, म्हणून लोक हौसेने लावतात आणि काहीच फवारत नाहीत. ऑगस्टमध्ये ती सगळ्यांत काळी. औषधाशिवाय वाढणारी जात म्हणून कुणी तुम्हाला रोप दिलं तर हे विचारून घ्या.

सेंद्रिय मार्गाने जायचं असेल तर खरं सांगते, गंधक इथे दुबळं आहे. लाइम सल्फर चालतं, पण जुलैच्या उन्हात पानं आणि फळं दोन्ही भाजू शकतं, आणि वास शेजाऱ्यांना आठवडाभर पुरतो. पोटॅशियम बायकार्बोनेटने मदत होते, मात्र ते पावसात टिकत नाही, सारखं मारावं लागतं. मला विचाराल तर १४ झाडांच्या मालकाने सेंद्रिय औषधांच्या मागे लागण्यापेक्षा फळांना पिशव्या घालाव्यात. आपल्याकडे पेरूला घालतात तशाच. विरळणी झाली की निवडक, उंचीला हात पोचेल तेवढ्याच फळांना कागदी पिशवी, तोंड घट्ट, खाली पाणी निघायला कोपरा उघडा. एका रविवारी मुलांना हाताशी घेतलं तर दीडशे-दोनशे फळं होतात. किडीपासूनही वाचतात. पिशवी म्हणजे अभेद्य किल्ला नव्हे. चीनमध्ये लाखो फळांना पिशव्या घालतात आणि दमट वर्षी पिशवीच्या आतही काजळी धरते. पण प्रसादाच्या पाटीपुरती फळं स्वच्छ मिळायला ती पुरेशी आहे, आणि तोडणीच्या दोन आठवडे आधी पिशवी काढली की रंगही चढतो.

तळघरात गेल्या वर्षीची डागी फळं अजून असतील तर टाकू नका. व्यापारी पॅकिंगमध्ये ५०० पीपीएमच्या (दहा लाख भागांत ५०० भाग) आसपासच्या क्लोरीनच्या पाण्यात पाच-सात मिनिटं बुडवून ब्रशखाली धुतात. काजळी बरीच निघते, ठिपके हट्टी असतात. घरी मी तो उद्योग करत नाही. भाजीचा मऊ ब्रश, ओल्या फळावर चिमूटभर खायचा सोडा, आणि अर्धा मिनिट चोळणं. काजळी फिकी पडते, पुढचं काम सोलाण्याचं. मुरंब्याला साल जातेच. सुरकुतलेली आधी वापरा.

आता फेब्रुवारी आहे, तेव्हा फवारणीची यादी बाजूला ठेवा. या महिन्यात छाटणीच्या जोडीला काम एकच, गडग्याचं. झाडांपासून निदान वीस-तीस फुटांतली ब्लॅकबेरी आणि रानद्राक्ष मुळापासून काढा, आणि उन्हाळ्यात ती जागा दोनदा मोवरने मारा, कारण ती परत फुटणारच. जंगलाच्या कडेचं सगळं रान तुम्हाला काढता येणार नाही, त्याची गरजही नाही. जवळचा साठा तुटला तरी फरक पडतो. जाड चामड्याचे हातमोजे घाला. आणि गडग्यावर केसाळ दोरखंडासारख्या मुळ्यांनी चिकटलेली एखादी जाड वेल दिसली, तर ती बहुतेक पॉयझन आयव्ही, अंगाला लागली की खाज उठवणारी. पानं नसली तरी खाज तीच. तिला वेगळी कापा, हातमोजे नंतर धुवा, आणि काढलेल्या ढिगाबरोबर चुकूनही पेटवू नका. तिचा धूर छातीत गेला तर दवाखाना गाठावा लागतो.